बॅटरी मेली, असं कोण म्हणालं?

मंडळी, आज रस्ता, पाणी, खड्डे, राजकारण यातलं काही नाही. आज आमच्या घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरबद्दल लिहितोय. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण हा विषय घरातून सुरू झाला आणि गावात येऊन थांबला.

कोनात राहणाऱ्याला धूळ म्हणजे काय ते सांगायला नको. कल्याण-भिवंडी रस्ता उशाशी, त्यावर रात्रंदिवस गोडाऊनचे ट्रक आणि कंटेनर. रस्त्याला लागून फर्निचरची दुकानं, त्यांच्या मागे करवती आणि सँडिंगची मशीनं. मेट्रो ५ च्या नकाशावर कोनगाव स्टेशन आहे, ते होईल तेव्हा होईल. धूळ मात्र आजच आहे.

आईला दमा आहे. सकाळी झाडू मारला की खोकल्याची उबळ ठरलेली. म्हणून दोन दिवाळ्यांपूर्वी बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. नऊ हजार रुपये. पत्रकाराच्या घरात नऊ हजार म्हणजे काय, हे माझ्या जातीच्या लोकांना कळेल. वर्षभर छान चालला. मग वीस मिनिटं चालणारं यंत्र दहा मिनिटांवर आलं, तिथून तीनवर. पावसाळ्यात वैतागून माळ्यावर टाकलं. गणपतीच्या साफसफाईला खाली काढलं, चार्जरला लावलं, तर लाल दिवा चारदा लुकलुकला आणि बंद. आई म्हणाली, "माझ्या झाडूला चार्जिंग लागत नाही बघ." आणि पदर नाकाला लावून झाडायला लागली. रात्री तिला इनहेलर घ्यावा लागला.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने यंत्र हातातही घेतलं नाही. बटण एकदा दाबलं आणि म्हणाला, "बॅटरी डेड आहे सर. मशीनची वॉरंटी दोन वर्षं, बॅटरीची सहा महिने. या मॉडेलची बॅटरी येत नाही आता. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." मी विचारलं, बॅटरी डेड आहे हे कशावरून? तो म्हणाला, "सर, चालू होत नाही ना."

मी घरी आलो. आणि इथे माझी पहिली चूक. भाचा डिप्लोमाला आहे, त्याने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. "मामा, आतलं सर्किट बायपास करून थेट करंट दिला की बॅटरी उठते." मी पेपरची बातमी टाईप करत होतो, मान न उचलता म्हटलं, "बघ करून." पाचेक मिनिटांनी गोडसर, रसायनासारखा वास आला. पॅक हाताला चटका बसेल इतका तापला होता. पोराने वायर खेचून काढल्या, मी पॅक फडक्यात धरून अंगणातल्या फरशीवर नेऊन ठेवला. फुटला नाही. नशीब.

पण अंगणात उभा राहिलो तेव्हा समोर काय दिसलं? आमच्या मागच्या भिंतीपासून एक माणूस जाईल एवढी बोळ, आणि पलीकडे सोफ्याच्या फोमचं गोडाऊन. छतापर्यंत फोम. आई घरात झोपलेली.

त्या रात्री काही झालं असतं तर दुसऱ्या दिवशी बातमी काय आली असती, हे मला तोंडपाठ आहे. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. ही ओळ मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा लिहिली असेल याची मोजदाद नाही. भिवंडीत गोडाऊनला आग लागते, मी जातो, फोटो काढतो, किती बंब आले ते लिहितो आणि शेवटी ही ओळ टाकतो. आठवड्याने परत जाऊन "अंदाजाचं पुढे काय झालं?" असं मी एकदाही विचारलं नाही. काउंटरवरच्या त्या मुलावर मी दिवसभर चिडलो होतो. पण "बॅटरी डेड आहे" आणि "शॉर्टसर्किट झालं" ही एकाच घरातली वाक्यं. दोन्ही बोलली की पुढचा प्रश्न विचारायचं काम उरत नाही.

दुसऱ्या दिवशी पॅक थंड झाल्यावर एका मिस्त्रीकडे नेला. हायवेच्या कडेला त्याचं छोटं दुकान. फर्निचरवाल्या सुतारांचे बिनवायरचे ड्रिल आणि स्क्रू ड्रायव्हर दिवसभर त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं आणि भाच्याचा पराक्रम ऐकल्यावर मला हात जोडले. "भाईसाब, घर जल जाता."

मग त्याने जे केलं ते अर्धा तास बसून पाहिलं. तुमच्या घरीही असं यंत्र असेल तर उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने सांगतो.

त्याने बॅटरीला हातच लावला नाही आधी. पहिल्यांदा चार्जर. त्यावर लिहिलेले व्होल्ट आणि मल्टिमीटरवर दिसणारे व्होल्ट जुळतात का. जुळले. बरेचदा बिचारी बॅटरी बरी असते आणि चार्जर किंवा त्याची वायर तुटलेली असते. मग यंत्राच्या आणि बॅटरीच्या पट्ट्या, जिथे दोघांचा स्पर्श होतो. तिथे धूळ-गंज असेल तरी चार्जिंग होत नाही. कोरड्या फडक्याने पुसून परत पाहायचं.

तिसरा फिल्टर. माझा फिल्टर पाहून तो हसला. लाकडाचा भुसा आणि केसांचा गालिचाच झाला होता. फिल्टर तुंबला, ब्रशमध्ये केस अडकले की मोटर अडते, तापते आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. आपण म्हणतो बॅटरी गेली. म्हणजे यंत्र दहा मिनिटांवर आलं तेव्हा मी फक्त फिल्टर धुवून, पूर्ण वाळवून लावला असता, तर कदाचित ही वेळ आली नसती.

मग त्याने पॅक उघडला. आत सहा सेल, एकामागे एक जोडलेले. १८६५० म्हणतात त्यांना, कारण साधं आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत, पॉवर बँकेत, ड्रिलमध्ये हेच असायचे. लिथियम-आयन. बाजारात ही बॅटरी पहिल्यांदा सोनीने १९९१ साली आणली, आणि ज्यांच्या संशोधनावर ती उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. असा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. सहा मिळून सव्वापंचवीसच्या आसपास.

मिस्त्री एकेका सेलवर मीटर लावत गेला. पाच सेल ३.७ च्या आसपास. सहावा १.१.

"देखो. पाच ज़िंदा, एक बैठ गया. इसलिए बोर्ड ने गेट बंद कर दिया."

आतल्या छोट्या सर्किटचं कामच ते. एक सेल ठराविक पातळीखाली गेला की ते चार्जिंगच नाकारतं. सर्व्हिस सेंटरला जो 'डेड' वाटला तो खरं तर पहारेकरी होता, आणि आम्ही त्यालाच बाजूला सारून आत करंट सोडला होता. लिथियम सेल फार खाली जाऊन बरेच दिवस तसाच पडला की आतलं तांबं विरघळायला लागतं. नंतर जबरदस्तीने चार्ज केलं की तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. अशा सेलला उठवायचं नसतं, काढून टाकायचं असतं.

तो बसला का, याचं उत्तर मीच होतो. चार्जिंगचं स्टँड गॅलरीत पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारचं ऊन थेट त्यावर. पुढे माळ्यावर टाकला तो पूर्ण उतरलेल्या अवस्थेत, दोन महिने. लिथियमला या दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि रिकामं पडून राहणं. "बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी" हा आपल्या डोक्यातला नियम जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला तो उलटा पडतो. बरेच दिवस वापरायचं नसेल तर अर्धं भरून, सावलीत, कोरड्या जागी ठेवायचं. बस.

मी म्हटलं, एकच सेल बदला की. तो म्हणाला, नाही. जुन्या पाचांत एक नवा घातला तर जो सर्वात कमजोर तोच सगळ्यांना खाली ओढणार. सहाही एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे घातले. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडली, कारण सोल्डरिंगची उष्णता सेलला मारते. मूळ बोर्ड परत बसवलं. सगळं मिळून पंधराशे रुपये. हे घरी करण्याचं काम नाही, हे मी चटका बसल्यावर सांगतोय. चार्जर, पट्ट्या, फिल्टर, ब्रश इथपर्यंत तुम्ही. पॅक उघडायचा तर मीटर आणि अक्कल दोन्ही असलेल्या माणसाने. आणि पॅक फुगला असेल, वास येत असेल तर कोणीच नाही.

यंत्र चालू झालं. आईने स्वतः फिरवून पाहिलं. इथे पोस्ट संपायला हवी होती.

पण मिस्त्रीने पाच सेल टॉर्चसाठी ठेवून घेतले आणि सहावा, दोन्ही टोकांना टेप लावून, माझ्या हातात दिला. "ये आप ले जाओ. मेरे पास रखने की जगह नहीं." बोटाएवढा सेल. तो कुठे द्यायचा, एवढाच प्रश्न घेऊन मी आठवडाभर फिरलो. जिथून यंत्र घेतलं त्या दुकानात मान हलवली. एका कार्यालयात सांगितलं, घंटागाडीत टाका. एका भंगारवाल्याने तो हातात घेऊन खालीवर केला आणि म्हणाला, "इसमें से क्या निकलेगा?" त्याच्या मागे दोन पोरं उकिडवी बसून हातोडीने कशाचं तरी कवच फोडत होती. त्या ढिगात काय काय होतं ते मला आता ओळखता येत होतं.

नियम नाहीत असं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. त्याआधी २००१ चे जे नियम होते ते फक्त लेड-ॲसिड बॅटरीपुरते. आता सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या, माझा बोटाएवढा सेलही. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहायची जबाबदारी उत्पादकाची. बॅटऱ्या जमिनीत पुरायला आणि जाळायला मनाई. ग्राहकाचंही कर्तव्य लिहिलंय, की बॅटरी इतर कचऱ्यात मिसळू नका. पॅकवर फुलीचा कचराडबा छापलेला असतो तो याचसाठी. मी कर्तव्य करायला तयार आहे. डबा कुठे आहे ते सांगा.

कोनकरांना यातलं गांभीर्य समजावून सांगायची गरज नाही. खाडीपलीकडे कल्याणचं आधारवाडी डंपिंग २०२१ मध्ये बंद होईपर्यंत किती वेळा धुमसलं आणि वारा आपल्याकडे असला की काय व्हायचं, ते आईच्या छातीला अजून आठवतं. आपण टाकलेली वस्तू जात कुठेच नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी आग लावू शकते. भंगारात फुटलेलीही. आणि आपल्याकडे भंगार, फोम, कापूस, पुठ्ठा आणि माणसं एकमेकांना खेटून आहेत.

म्हणून तीन गोष्टी ठरवल्यात, जाहीर लिहितो म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज देणार आहे: गावात निदान एका ठिकाणी बॅटरी आणि इ-कचऱ्याचा वेगळा डबा, आणि तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जाईल याची लेखी नोंद. सही करायला या.

ज्यांना "डेड आहे, नवीन घ्या" सांगितलं जातंय त्यांनी 'कशावरून?' विचारा आणि लेखी मागा. सुटे भाग नाकारले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवता येते. केंद्राचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही २०२२ च्या डिसेंबरपासून आहे.

तिसरी माझ्यापुरती. इथून पुढे आगीच्या बातमीत 'प्राथमिक अंदाज' लिहिला, की डायरीत पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकणार आणि त्या दिवशी परत जाऊन विचारणार. मी विसरलो तर तुम्ही आठवण करा. हक्काने करा.

तो सहावा सेल सध्या आमच्या अंगणात, काचेच्या बरणीत, कोरड्या रेतीत आहे. आई रोज विचारते, "अरे, त्याचं काय झालं?"

अजून काही नाही, आई.