मनीच्या पेटीतली पोटुशी

ऑगस्ट २०२५ पासून बंगळूर मेट्रोची यलो लाइन आमच्या बोम्मसंद्र्याला येऊन संपते, तरी कारखाने आणि इमारतींच्या मधले प्लॉट अजून गाजरगवताने भरलेले आहेत. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरची ही हवा सौम्य, खिडक्या बारा महिने उघड्या. त्यामुळे बाहेरचं जे काही येतं ते सरळ घरात येतं.

परवा मनीच्या लिटर बॉक्समधले गोळे काढायला झाकण उचललं, तर आतून तळहाताएवढी कोळ्याची मादी चिकटलेली. तपकिरी, चपटी, पोटाखाली अंड्यांची पांढरट पिशवी धरून. बेळगावहून आलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातला झाडू आधी काढून घेतला. "मारू नकोस गं, पोटुशी आहे ती."

ही हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. लिनियसने १७६७ साली नोंदवलेली, आज उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली. शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री भिंतीवरून धावून झुरळं धरते. पेटीतल्या मातीशी तिला काही देणंघेणं नाही. गोळे वेळेवर निघाले नाहीत की माती ओल धरते, वासावर माश्या-चिलटं येतात, शेजारी सांडलेल्या खाण्यावर झुरळं येतात, आणि त्यांच्या मागावर कोळी. म्हणून कोळी दिसला की मी आधी माती बघते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडत असेल, तर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज पेटी साफ करायची ती यासाठी. ती राहून गेली तर हीच झुरळं आणि माश्या तो पायांनी ओट्यापर्यंत नेऊ शकतात. मग झुरळं खाणारीला मारायचं कशाला?

फवारा तर मुळीच नको. कीटकनाशकांतलं परमेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट निकामी करून बाहेर टाकता येत नाही. माती उकरलेले पंजे मांजर चाटतं. पुरेसं विष पोटात गेलं तर थरथर, झटके, कधी मृत्यूही. एका कोळ्यापायी मनीचा जीव धोक्यात घालणं मला अक्षम्य वाटतं.

कोळ्याकडे आदराने बघणं आपल्याकडे जुनंच आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत कोळी आहे. संत एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या 'एकनाथी भागवता'तून तो मराठी घराघरांत पोचला. तो आपल्यातूनच धागा काढतो आणि पुन्हा गिळतो. चक्राकार जाळी विणणारे कितीतरी कोळी खरोखरच जुनं जाळं खाऊन नवं विणतात! झाडू उचलण्याआधी कुणीतरी कोपऱ्यात बराच वेळ बघत बसलं असणार. त्या बघणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो.

सासूबाईंनी काचेचा वाडगा अलगद उपडा ठेवला, मी खालून पुठ्ठा सरकवला. पिशवी सुटली नाही. तिला जिन्याखाली मीटरच्या खोलीत सोडलं; तिथे झुरळं भरपूर आहेत. पेटी साबणाने धुऊन उन्हात टाकली, आणि नवी माती येईपर्यंत मनी दाराशी ओरडत बसली.