ठिणगीची वेळ

पळसदेवच्या काठी माझा एक जुना विद्यार्थी नावेचे जुने इंजिन जुळवीत होता. 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने जुने गाव पाण्याखाली गेले, ते याच्या आजोबांचे.

पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरून तो चक्र हळूहळू फिरवी.

“कागद सुटला, की ठिणगी पडली समजा, सर. दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधी जराशी पडायला हवी. पॉइंटची टाच झिजून फट कमी झाली, की उशीर होतो; मग इंजिनाचा जोर जातो.”

फीपायी त्याने कॉलेज सोडले होते. ‘फी मी भरतो,’ हे सांगायला मी बारामतीहून निघालो, तेव्हा महिना उलटला होता!

दोरी ओढताच इंजिन सुरू झाले. पलीकडे उतरताना मी भाडे पुढे केले.

“राहू द्या, सर,” तो म्हणाला.