विठोबाशी अरे-तुरे

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

धाकटी तुला हे वाचून दाखवेल. तिला म्हणावं, जरा दमानं वाच.

परवा इथं पुण्यात ग्रंथालयात तुकोबा सापडले, इंग्रजीतले. तीन खंड. पान उलटलं की कड पापडासारखी मोडते. जे. नेल्सन फ्रेझर नावाचा साहेब मुंबईत शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजाचा प्राचार्य होता. त्यानं के. बी. मराठे यांना जोडीला घेऊन गाथा इंग्रजीत नेली. पहिला खंड १९०९ चा, शेवटचा १९१५ चा. छापले कुणी, तर मद्रासच्या ख्रिस्ती संस्थेनं! लोक ‘फ्रेझरचं भाषांतर’ म्हणून मोकळे होतात. मराठे बिचारे मध्येच गळतात.

चरण मोडून सगळं गद्य केलंय, टाळ धरायला जागाच नाही. ते एक वेळ चालेल. मी अडलो ते ‘तू’पाशी. इंग्रजीत आता सगळ्यांना एकच ‘यू’. पूर्वी जवळच्याला ‘दाऊ’ म्हणत, पण साहेबाच्या काळापर्यंत ते रोजच्या तोंडातून जाऊन प्रार्थनेत उरलं होतं. त्यानं विठोबाला तेच लावलं. त्यामुळं तुकोबा देवाला फैलावर घेतात तिथंही हात जोडून उभे असल्यासारखे वाटतात. पाऊस लांबला की तू चुलीपुढून ओरडतेस ना, ‘आरं इठ्ठला, निजलास का?’ तो आवाज त्या तीन खंडांत मला कुठं ऐकू आला नाही.

पण साहेबाला हसू नकोस. बिचारा करणार काय? ‘यू’ लिहावं तर ते कलेक्टरलाही लागतं. अरे-तुरे करायला इंग्रजीत त्याच्या हाती दुसरं काही नव्हतंच.

बेलवाडीचं रिंगण करून तुकोबांची पालखी आपल्या अंथुर्ण्याला येईल, तेव्हा मी येतो. पिठलं-भाकरीच्या पंगती उठल्या की ओट्यावर बसू. साहेबाचं गद्य मी साध्या मराठीत सांगीन, तू मूळचा अभंग ओळखायचा. चाल विचारू नकोस, त्यात ती नाही.

आणि धाकटे, तू मध्ये बोलायचं नाहीस.

तुझा नातू