पडून राहा, म्हणणारी मी

आजारी माणसानं अंथरूण धरावं आणि बाकीच्यांनी धावपळ करावी, अशीच माझी समजूत. ताप असो नाहीतर कंबरदुखी, ‘पडून राहा जरा’ हे माझं ठरलेलं औषध. ह्यांचा पार्किन्सन म्हणून धरलेला आजार मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी निघाला, तेव्हाही मी तेच म्हणाले. उभं राहिलं की अंधारी येते ना, मग उभं राहायचंच कशाला? खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. आडवा माणूस पडत नाही, आणि मला स्वयंपाकघरात निवांत वावरता येतं.

मत बदललं ते बीपीच्या मशीनपुढे. डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांत, असं दोनदा मोजायला सांगितलं. वरचा आकडा २०नं उतरला तरी दखल घेतात. ह्यांचा आडव्यानं १७०, उभ्यानं ९०. माझं सगळं लक्ष त्या ९०वर. पण १७० हेही त्याच दुखण्याचं दुसरं टोक. आपण उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं, शिरा आपोआप आवळतात आणि दाब सावरतो. हे न सांगता करणारी स्वायत्त मज्जासंस्थाच ह्यांची झिजत चाललीय. मग सपाट झोपलं की दाब चढतो, मूत्रपिंडं रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि सकाळी उठताना दाब आणखीच कोसळतो.

आता पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत. उठण्याआधी दोन पेले पाणी, तेही गटागट. पोटभर भातानंतरही दाब घसरतो, म्हणून जेवण थोडं थोडं, वामकुक्षी आरामखुर्चीत. आणि मीठ! बीपी म्हटलं की ताटातलं मीठ काढणारी मी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लोणचं वाढते. हात अजून अडखळतो.

खुर्चीत बसवून आजार थांबत नाही. १९६० साली शाय आणि ड्रेगर ह्या अमेरिकी डॉक्टरांनी ह्याचं वर्णन केलं, तरी तो थांबवणारं औषध अजून नाही. आवाज बारीक झालाय, अक्षर किडा-मुंगीसारखं. पण अंघोळ स्टुलावर बसून स्वतःची स्वतः करतात.

नणंद आली की कळवळते, “वहिनी, दादाला जरा पडू दे की!” मी पट्टा तिच्या हातात देते, म्हणते, आधी मोज.