लहान पडदा आणि रसविघ्न

चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहावा की घरी बसून मोबाइलवर, हा प्रश्न निव्वळ करमणुकीच्या चित्रांपुरता फारसा महत्त्वाचा नाही. ज्यात कथानक धावत असते, ते चित्र धावत्या लोकलमध्येही समजते. परंतु रूढ कथनरीती सोडून जे चित्रपट काही नवा प्रयोग करू पाहतात, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न जिव्हाळ्याचा ठरतो.

लहान पडद्याचे उपकार प्रथम मान्य केले पाहिजेत. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ साली तयार झाला. चित्रपटगृहांत तो लागला २०१४ मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत रसिकांनी व्हिडिओच्या नकला एकमेकांस देऊन तो जिवंत ठेवला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' ह्या मराठी चित्रपटास २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवरून घरोघरी पोहोचला. आम्ही बदलापुराजवळ खरवईस राहतो. येथून मुंबईस जाऊन येण्यातच तीन तास मोडतात. घरच्या सुनांनी स्वयंपाकपाणी, मुलांचे अभ्यास सांभाळून ही सवड काढावयाची कशी? त्यांच्यापर्यंत ही कला आली ती ह्या हातभर अंतरावरच्या काचेतूनच.

आता ह्याच चित्रपटातील एक प्रकार पाहा. नायक शरद नेरुळकर हा शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी. रात्री तो मोटारसायकलवरून मुंबईच्या ओसाड रस्त्यांनी जातो. गती अत्यंत मंद. तंबोऱ्याचा नाद चाललेला, आणि कानी माईंचे जुने, ध्वनिमुद्रित बोल. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. कथेच्या दृष्टीने येथे काहीच घडत नाही. आमच्या नातीने विचारलेच, "आजोबा, नुसता गाडीच चालवतोय. पुढे नेऊ का?" दहा सेकंद पुढे उडी मारण्याची सोय तिच्या बोटाखाली होतीच. परंतु माईंचा कठोर आदर्श आणि ह्या मुलाचे बेताचे सामर्थ्य यांतील अंतर त्याच रस्त्यावर मोजले जाते. ते वगळले तर कथा हाती राहील आणि चित्रपट निसटेल. विलंबित गाळून केवळ द्रुत ऐकणाऱ्यास ख्याल ऐकल्याचे समाधान कोठून लाभणार?

म्हणून पडदा मोठा असला की काम भागले, असे मात्र नव्हे. भरतमुनींनी नाट्यगृह चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असावे असे सांगितले, आणि त्याहून मोठे बांधल्यास शब्द विरतात व मुखावरील भाव दिसत नाहीत, असा इशाराही दिला. मोठेपणासही मर्यादा आहे, हे त्या काळी ठाऊक होते.

खरे मर्म अभिनवगुप्तांनी सांगितले आहे. रसास्वादाची सात विघ्ने त्यांनी गणली. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून राहणे. सजविलेला मंडप, गीत, वाद्य ही त्यावरील योजना. मोबाइलचा दोष नेमका येथे आहे. ज्या काचेवर शरदचा प्रवास चालतो, त्याच काचेवर बँकेचा निरोप येतो, परगावच्या मुलाची खुशाली येते, कोणाच्या आजारपणाची वार्ता येते. चित्रपटगृहाचे दार आपला संसार बाहेर ठेवते. येथे संसार चित्राच्या डोक्यावरच बसलेला असतो.

तेव्हा दूर खेडोपाडी राहणाऱ्या कुटुंबांनी काय करावे? आम्ही घरात एक नियम केला आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी असा एक चित्रपट सर्वांनी मिळून दूरचित्रवाणीच्या संचावर पाहावयाचा. मोबाइल कपाटात. खिडक्यांचे पडदे ओढलेले. मध्ये थांबविणे नाही, पुढे ढकलणे नाही. चहा आधी किंवा नंतर, आणि तो मुलांनी करावयाचा. ह्या शेवटच्या कलमावर थोडी कुरकुर झाली. परंतु नियमाचा प्राण तोच आहे. घरातील पुरुष तल्लीन व्हावेत आणि स्त्रियांनी दर दहा मिनिटांनी उठावे, अशा बैठकीस रसिकांची सभा म्हणता येत नाही.

'द डिसायपल' आम्ही ह्या रीतीने पुन्हा पाहिला. थोरल्या सूनबाईंनी तो पूर्वी मोबाइलवर पाच-सहा तुकड्यांत पाहिला होता. संपल्यावर त्या म्हणाल्या, "मामंजी, ह्यात इतकी शांतता आहे हे मला कळलेच नव्हते."