माशी, खांच आणि पन्नाशीचा डोळा

वाढत्या वयाची पहिली वर्दी कोणाला कोठें मिळेल याचा नेम नसतो. कोणाला ती जिना चढतांना मिळते, कोणाला न्हाव्याच्या आरशांत. मला ती शेळगांवच्या घरांतील जुन्या पॉइंट बावीस रायफलीच्या माशीनें दिली. नळीच्या टोंकावर नेम धरण्यासाठीं जो लहानसा उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. आणि पन्नाशी उलटल्यावर ही माशी खरोखरीच माशीसारखी वागूं लागली. क्षणांत दिसे, क्षणांत नाहींशी होई.

रायफल वडिलांची. पिकाच्या रक्षणासाठीं त्यांनी परवाना काढला तेव्हां नीरेच्या डाव्या कालव्याकाठचें रान उंसाचें आणि पलीकडचा माळ चिंकारांचा, अशी आमच्या इंदापूर तालुक्याची वांटणी होती. आज कडबनवाडीच्या माळावर लोक चिंकारा पाहावयास येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्या जनावराला अभय दिलें, हें योग्यच झालें. तेव्हां आतां वारसानें माझ्याकडे आलेल्या या रायफलीला उरलें आहे तें पुण्याच्या नेमबाजीच्या मैदानावरचें कागदी लक्ष्य.

हिच्या काडतुसाची गंमत अशी कीं, पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यावर नसून कडेच्या दुमडींत असतो. १८५७ सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेलें हें पॉइंट बावीसचें काडतूस १८८७ मध्यें आजच्या लांबीचें झालें, आणि पुढें त्यांत मोठासा बदल झाला नाहीं. गोळी अवघी २.६ ग्रॅमांची. ५० मीटरांवर नेम बसवावा तर १०० मीटरांवर ती जवळजवळ वीतभर खालीं उतरते! अशा नाजूक गोळीला नेमाची चूक सोसत नाहीं. माझ्या रायफलींत खांच आणि माशी यांमध्यें अर्ध्या मीटराचें अंतर आहे. म्हणजे माशी एक मिलिमीटर सरकली कीं ५० मीटरांवर गोळी दहा सेंटिमीटर सरकते.

उघड्या खांचेनें नेम धरणें म्हणजे डोळ्याला एकाच वेळीं तीन ठिकाणीं हजेरी द्यावयास लावणें : जवळची खांच, पलीकडची माशी आणि दूरचें लक्ष्य. तरुण डोळा या तिघांत इतक्या चपळाईनें फिरतो कीं, आपण फिरतों आहों हें त्याला कळतही नाहीं. पुढें डोळ्यांतलें भिंग ताठर होतें आणि लबाडी उघडकीस येते.

माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनें पॅरिसला ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासून त्याचें लक्ष या खुंटीवरच्या वस्तूकडे वळलें. "तात्या, दुर्बीण बसवून टाका," तो म्हणाला, "एकदांच काम मिटेल."

त्याचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. दुर्बिणींत फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलांत दिसतात. म्हाताऱ्या डोळ्याला धांवपळ उरत नाहीं. मात्र मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठीं जुळविलेल्या असतात. ५० वर डोकें जरा हललें कीं फुलीही हलते. पॉइंट बावीससाठीं ५० यार्डांची निराळी मिळते. पण नव्या रायफलींच्या माथ्यावर दुर्बीण अडकविण्यास खोबणी असतात, आमचीचा माथा गुळगुळीत. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें दुरुस्तीही परवानाधारक कारागिरानेंच करावयाची. पुण्याच्या अशा एका कारागिरानें ती उलटसुलट पाहून सांगितलें, "चार भोकें पडतील, साहेब. मग तीं लपत नाहींत."

वडिलांचा हात ज्या पोलादावरून फिरला त्याला भोकें पाडण्यास माझें मन धजेना. "खुंटीवर ठेवायची असेल तर काठी काय वाईट?" असें पुतण्या म्हणाला, आणि त्याला चटकन उत्तर सुचलें नाहीं. मग मीं त्याच्याच दैवताकडे बोट दाखविलें. कुसाळेच्या त्या स्पर्धेंत दुर्बिणीला मज्जाव आहे. तेथें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें, करंगळीच्या नखाएवढें. आणि तें साधावयाचें तें मागच्या तबकडीच्या बारीक छिद्रांतून व पुढच्या कड्यांतून.

पदार्थविज्ञान शिकवितांना सूचिछिद्राच्या कॅमेऱ्याची आकृति मीं फळ्यावर किती वेळां काढली असेल! छिद्र लहान तितकी प्रतिमा रेखीव, पण उजेड कमी. फारच लहान केलें तर प्रकाश कडेनें पसरून पुन्हां धूसर. चष्म्याच्या उजव्या कांचेवर काळी चिकटपट्टी लावून तींत दीड मिलिमीटराचें भोंक पाडलें. रायफलीला हातही लावला नाहीं. मैदानावर पालथा पडून पाहतों तों खांच, माशी आणि काळें वर्तुळ, तिघेंही जागच्या जागीं!

दुर्बीण मात्र आलीच. रायफलीवर नव्हे, शेजारच्या तिवईवर. तिच्यांतून कागदावरचीं भोकें पुतण्या मोजीत होता. पूर्वीं माझ्या पांच गोळ्यांना बशी पुरत नसे; त्या दिवशीं त्या आमटीच्या वाटींत मावल्या. "वाटींत आल्या, तात्या," तिवईवरून डोळा न काढतां तो म्हणाला. "रायफलीवर हीच असती तर रुपयाखालीं झांकल्या असत्या."

चार भोकांचा वाद अजून आमच्या घरीं चालू आहे. परवान्यासाठीं माझ्यामागून अर्ज करणार तो तोच.