पिवळी चकती आणि तीन दगड

अमेरिकेत कॅम्पिंग म्हटलं की आपली देशी मंडळी आधी विचारतात, "बाथरूम कशी आहे?" तर मंडळी, या वेळचं उत्तर सोपं होतं. फळ्यांचा संडास मिळाला तर नशीब, नळ नाहीच!

न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक पार्क आहे, साधारण ६० लाख एकरांचं. त्यातली जवळपास निम्मी जमीन सरकारी, आणि ती कायम रानच राहील असं १८९४ साली चक्क राज्यघटनेत लिहून ठेवलंय. तिथल्या मूस रिव्हर प्लेन्समधून एक कच्चा रस्ता जातो. कडेला झाडांत ठिकठिकाणी मुक्कामाच्या जागा. बुकिंग नाही, पैसे नाहीत. झाडावर पिवळी चकती दिसली आणि जागा रिकामी असली की तंबू ठोका. चकती नसेल तर रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून १५० फूट लांब. तीनपेक्षा जास्त रात्री राहायचं किंवा दहा जण असतील तरच परवाना. बस्स.

बर्फ वितळून चिखल वाळेपर्यंत हा रस्ता बंद असतो. आम्ही मेअखेरच्या लाँग वीकेंडला गेलो, मी आणि बाबा. बाबा मार्चमध्ये आले, तेव्हापासून न्यू जर्सीच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये पाहुण्यासारखे. गॅस पेटवायचा तरी मला विचारून.

पहिल्या जागेत पाणी साचलेलं. दुसरी मला आवडली, पण बाबांनी वर बोट दाखवलं. तंबूच्याच जागेवर एक वाळकी फांदी लटकत होती. तिसरीत काळ्या माश्यांनी, म्हणजे ब्लॅक फ्लायनी, फोडून काढलं. चौथ्या जागेवर बाबा म्हणाले, "इथे वारा आहे, माश्या टिकणार नाहीत. उतरव सामान." हुकूम! किती दिवसांनी ऐकला..

तिथे आधीच्या कोणीतरी दगड रचून ठेवले होते. पडलेली सुकी लाकडं गोळा करून बाबांनी पाच मिनिटांत जाळ केला. म्हणाले, "आम्ही बैलगाडीनं जत्रेला जायचो ना, तेव्हा मुक्कामाच्या झाडाखाली तीन दगड असायचेच. कुणी मांडले कोण जाणे."

खिचडी झाली. बाहेर बेडकांचा नुसता कल्ला, आणि बाबा बोलतायत. दोन महिन्यांत एवढं बोलले नव्हते.

सकाळी त्यांनी राख पाणी ओतून थंड केली, उरलेली लाकडं रचून ठेवली. "येईल कोणीतरी."

सप्टेंबरात ते परत जाणार. त्याआधी एकदा पुन्हा जायचंय. जागा तेच शोधतील.